झेडपीच्या शाळेला वर्गखोल्या हव्यात? कागद कुठले, पैसा कुणाचा, वेळ किती

तिसरीचा वर्ग व्हरांड्यात बसतो. पाऊस तिरपा आला की मुलं दप्तरं उचलून दुसरीच्या वर्गात जातात आणि एका बाकावर चार-चार जण बसतात. फळा एकच. अर्ध्या फळ्यावर दुसरीचं गणित, अर्ध्यावर तिसरीचं मराठी. पुण्याच्या आसपास, म्हणजे हवेली, मुळशी, खेड, मावळ या तालुक्यांत अशा शाळा शोधाव्या लागत नाहीत. पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत ७२ लाखांवरून ९४ लाखांवर गेली. त्यानंतरही सोसायट्या, कारखाने, गोदामं वाढतच राहिली. शाळेच्या खोल्या मात्र बऱ्याच गावांत जुन्या हिशेबाच्याच आहेत.

तुमच्या गावच्या शाळेची अशी स्थिती असेल आणि तुम्ही पालक किंवा शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य असाल, तर पुढची माहिती तुमच्यासाठी आहे. ‘निधी नाही’ हे उत्तर तुम्हाला बऱ्याचदा मिळेल. पण कित्येक ठिकाणी निधी असतो आणि फाईल अपुरी असते.

किती खोल्या मागायच्या?

‘खोल्या कमी पडतात’ असं लिहू नका. आकडा लिहा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात हिशेब दिलेला आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच. पट १५० च्या वर गेला की मुख्याध्यापक वेगळा. २०० च्या वर पट असेल तर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक. आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली. शिवाय कार्यालय, भांडार व मुख्याध्यापक यांच्यासाठी मिळून एक खोली. अडथळा नसलेला प्रवेशमार्ग, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, आहार शिजवायला स्वयंपाकघर, खेळाचं मैदान आणि कुंपण हेही त्याच परिशिष्टात आहे.

समजा, पहिली ते पाचवीचा पट २६० आहे. ४० ने भागा, साडेसहा येतात, म्हणजे सात शिक्षक आणि सात वर्गखोल्या. सध्या वापरता येतील अशा चारच आहेत. तर मागणी ‘तीन वर्गखोल्या आणि एक कार्यालय’ अशी नेमकी करा. ठरावात कायद्याचं नाव घाला, भागाकारही घाला.

आता यातली मेख. हा पट म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर बसलेली मुलं नव्हेत. यू-डायस प्लस या प्रणालीत ३० सप्टेंबरच्या तारखेला जी नोंद आहे, ती धरली जाते. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत तर आधार पडताळणी झालेली मुलंच मोजली जातात. वाढत्या गावांत याचा फटका नेमका बांधकाम मजुरांच्या आणि भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना बसतो. मूल रोज शाळेत येतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं. पण आधार नाही किंवा नावातल्या एका अक्षराचा फरक आहे, म्हणून हिशेबात येत नाही. अशी पंचवीस-तीस मुलं निघाली की एक अख्खी खोली आणि एक शिक्षक तिथेच गेला. जुलै-ऑगस्टमध्ये मुख्याध्यापकांसोबत बसून यादी काढा, आधार केंद्राचं शिबिर शाळेतच लावून घ्या. ग्रामपंचायतीने मनावर घेतलं तर दोन दिवसांचं काम आहे. वर्गखोल्यांच्या प्रस्तावातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच.

यू-डायसमध्ये दुसरी एक नोंद तपासा: खोल्यांची स्थिती. चांगली, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती असे रकाने असतात. पडायला आलेली खोली गेल्या वर्षीची माहिती तशीच पुढे ओढल्यामुळे ‘चांगली’ म्हणून नोंदलेली सापडते. कागदावर चार खोल्या चांगल्या असतील, तर तुम्हाला नवी खोली कोण देईल?

कागद

फाईल परत येण्याचं पहिलं कारण म्हणजे जागा. गावातल्या कुणीतरी पन्नास वर्षांपूर्वी शाळेला जमीन दिली, सगळ्या गावाला ते माहीत आहे, सातबारावर मात्र अजून त्यांच्याच आजोबांचं नाव आहे. मी पाहिलेल्या अशाच एका फाईलला अंदाजपत्रक होतं, आमदारांचं पत्र होतं, ठराव होता. जागेचा उतारा मात्र दात्याच्या घराण्याच्या नावावर. तोवर भोवताली गुंठ्याचे भाव चढलेले, वारस वाढलेले. बक्षीसपत्राला सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत आर्थिक वर्ष संपलं आणि पैसा दुसऱ्या गावाला गेला.

म्हणून सर्वात आधी सातबारा किंवा गावठाणातली जागा असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ अथवा मिळकत पत्रिका काढा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तलाठ्याकडे खेपा घालायची गरज नाही. नाव जिल्हा परिषदेचं, शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं आहे का ते पाहा. ग्रामपंचायतीचं असेल तर जागा शाळेच्या बांधकामासाठी देत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडा. गायरान असेल तर मागणी तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि तिथे वेळ लागतो. सहा महिने आधी सुरुवात करा. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. डिसेंबर २०२४ पासून ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंतच्या नियमित मोजणीला २ हजार आणि द्रुतगतीला ८ हजार रुपये असा दर आहे. पैसे भरायच्या आधी चालू दर आणि शाळेला सवलत आहे का, हे तिथेच विचारा.

बाकीचे कागद असे: शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, शाळा विकास आराखडा, ग्रामसभेचा ठराव, मागच्या तीन वर्षांचा पट, यू-डायसची प्रत, सध्याच्या खोल्यांचे तारीख दिसणारे फोटो आणि ‘हे काम यापूर्वी कुठल्याही योजनेतून मंजूर नाही’ असा दाखला. हा शेवटचा दाखला नसला की फाईल टेबलावरच राहते. तो ग्रामपंचायत अधिकारी (तुमचे ग्रामसेवक) आणि शाखा अभियंत्यांकडून आधीच घेऊन ठेवा.

जुनी धोकादायक खोली पाडून तिथेच नवी बांधायची असेल तर एक कागद वाढतो: निर्लेखन, म्हणजे जुनी इमारत सरकारी नोंदीतून काढून टाकणं. सरकारी इमारत कितीही मोडकळीला आली तरी निर्लेखनाच्या मंजुरीशिवाय तिला हात लावता येत नाही. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, गटशिक्षणाधिकाऱ्यांची शिफारस, उपअभियंत्यांचा पाहणी अहवाल, मग जिल्हा परिषद. यात महिने जातात. खोली मंजूर झाली पण निर्लेखन नाही म्हणून जागा रिकामी होत नाही, हे फार ठिकाणी घडतं. दोन्ही प्रस्ताव एकाच दिवशी पाठवा. आणि मंजुरी येईपर्यंत त्या खोलीत मूल बसवू नका. २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडीत आणि २०२५ मध्ये राजस्थानच्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीत शाळेचं छत कोसळून मुलं गेली. गळणारा, भेगाळलेला स्लॅब दिसला की त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या आणि खोलीला कुलूप लावा.

खर्च किती?

अंदाजपत्रक तुम्ही करायचं नाही आणि गावातल्या ठेकेदाराकडून करून घ्यायचं तर मुळीच नाही. ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे अभियंते किंवा समग्र शिक्षाचे अभियंते सार्वजनिक बांधकाम विभागाच्या चालू दरसूचीवरून करतात. यासाठी तुमच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. ‘साहेबांच्या गाडीचं डिझेल’, ‘नकाशा काढणाऱ्याचं’, ‘टायपिंगचं’ असं कुणी मागितलं तर देऊ नका.

पण आकडा कसा फुगतो ते समजून घ्या, कारण अर्धवट खोल्या इथेच जन्माला येतात. हिशेबापुरतं धरू: व्हरांड्यासह एक खोली ६०० चौरस फूट आणि दर २,००० रुपये. झाले १२ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख १६ हजार. इमारत कामगार कल्याण उपकर १ टक्का, म्हणजे १२ हजार. एकूण १४ लाख २८ हजार. दर तुमच्या तालुक्यात आणि चालू दरसूचीत वेगळा असेल, काळ्या मातीत पाया खोल गेला तर आणखी वाढेल. पण मंजुरीचं पत्र १२ लाखांचं आणलंत तर सव्वादोन लाख कमी पडतात. मग खिडक्या राहतात, फरशी राहते, गिलावा राहतो आणि वर्गणीची पावतीपुस्तकं निघतात. अंदाजपत्रक हातात पडल्याशिवाय कुणाकडेही रक्कम मागू नका आणि मागताना करांसह शेवटचा आकडा मागा.

अंदाजपत्रकात बहुधा नसलेल्या गोष्टी वेगळ्या विचारा: जुनी इमारत पाडून राडारोडा हलवणं, वीजजोडणी आणि वायरिंग, पंखे, फळा, बाक, रॅम्पचा कठडा, छतावरचं पाणी वाहून नेणारे पाइप, वाळवी प्रतिबंध. जमेल तेवढं मूळ अंदाजपत्रकातच घालून घ्या. नंतर प्रत्येक गोष्टीसाठी वेगळा प्रस्ताव करावा लागतो. वीजबिल आलं की वर्गवारी वाचा. शाळेचं मीटर सार्वजनिक सेवेच्या शासकीय वर्गवारीत हवं. व्यापारी वर्गवारीत पडलं असेल तर महावितरणकडे अर्ज करून बदलून घ्या.

जागा नाही म्हणून वर मजला चढवायचा विचार असेल, तर आधी संरचनात्मक तपासणी. जुन्या दगडी किंवा विटांच्या भारवाहक भिंतींवर मजला चढवणं म्हणजे खालच्या वर्गाच्या डोक्यावर धोका बांधणं. अभियंत्यांनी नुसतं तोंडी ‘चालतंय’ म्हटलं तर ऐकू नका, दाखला लेखी घ्या.

पैसा कुठून?

समग्र शिक्षा: केंद्र ६०, राज्य ४०. खोल्यांसाठी नियमित मार्ग हाच. पण वार्षिक आराखड्यात नाव लागावं लागतं आणि त्यासाठी यू-डायसचा आकडा बोलतो. शाळा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तयार हवा. याच योजनेतून येणारं संयुक्त शाळा अनुदान ही वेगळी गोष्ट आहे. ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख. ते देखभालीसाठी असतं. ‘अनुदान आलंय, त्यातून खोली करा’ असं कुणी सुचवलं तर हा आकडा दाखवा.

जिल्हा नियोजन समिती: माझ्या मते वाढत्या गावांनी सगळ्यात जास्त जोर इथे लावावा. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य-सचिव जिल्हाधिकारी. शाळा बांधकाम आणि दुरुस्तीसाठी लेखाशीर्ष आहे. पुढच्या वर्षाचा आराखडा दिवाळीच्या आसपास आकाराला येतो, त्यामुळे तुमचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या वाटेने ऑक्टोबरपूर्वी झेडपीत पोचायला हवा. जिल्हा परिषदेला हा पैसा खर्च करायला पुढच्या आर्थिक वर्षअखेरपर्यंत मुदत मिळते. ही सवड मोठी आहे, पण तिच्या भरवशावर झोपू नका. मुदत संपली की अखर्चित रक्कम परत जाते.

आमदार निधी आणि खासदार निधी, दोन्ही वर्षाला पाच-पाच कोटी. शिफारसपत्र आमदार-खासदारांचं, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. पत्र मिळालं की फ्लेक्स लावून मोकळे होऊ नका. पत्र म्हणजे मंजुरी नव्हे. जिल्हा नियोजन कार्यालयात त्याची नोंद झाली का, प्रशासकीय मान्यतेचा क्रमांक पडला का, ते विचारत राहा.

ग्रामपंचायत: वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी असतो. शाळेची स्वच्छतागृहं आणि पिण्याचं पाणी त्यातून करून घ्या. दुरुस्ती अबंधित निधीतून. दोन्ही कामं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात हवीत आणि आराखड्यात काम घालायची जागा म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं की पालक घरी जातात आणि ग्रामसभा वीस माणसांत उरकते. त्या दिवशी पन्नास आया बसल्या तर शाळेचा विषय टाळता येत नाही.

कंपन्या: चाकण, रांजणगाव, हिंजवडी जवळ असेल तर हा मार्ग खरा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते आणि शिक्षण त्यात बसतं. रोख मागू नका, ‘बांधून द्या’ म्हणा. सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आलेली दत्तक शाळा योजनाही आहे. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख, दहा वर्षांना १ कोटी मूल्याची मदत, तीही रोख नव्हे तर वस्तू आणि सेवांच्या रूपात. बदल्यात देणगीदाराचं नाव शाळेला जोडता येतं. त्याला गावाची तयारी आहे का, हे आधी ग्रामसभेत बोलून घ्या. कंपनीने बांधून दिलं तरी नकाशा आणि काम झेडपीच्या अभियंत्यांनी तपासायलाच हवं. तसा लेखी करार करा.

तुमचं गाव महापालिकेत गेलं असेल तर सगळंच बदलतं. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. तिथे आधी इमारत आणि जागा कोणाच्या नावावर हस्तांतरित झाली ते लेखी विचारा. झेडपी पालिकेकडे बोट दाखवते आणि पालिका झेडपीकडे. विकास आराखड्यात प्राथमिक शाळेचं आरक्षण कुठे आहे ते नकाशावर शोधा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना (एमआरटीपी) कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली, जागामालकाने खरेदी सूचना दिली आणि २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण उडतं. एकदा तिथे इमारत उभी राहिली की शाळेला त्या भागात जागा मिळत नाही.

वर्गणी

झेडपीच्या शाळेत पहिली ते आठवी शिक्षण मोफत आहे. ‘इमारत निधी भरल्याशिवाय प्रवेश नाही’, ‘दाखला नाही’ असं कुणीही म्हणू शकत नाही. प्रवेशासाठी देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंडाची तरतूद कायद्यात आहे. लोकवर्गणी स्वखुशीची. ज्याला जमत नाही त्याच्या मुलाचं नाव फळ्यावर लिहायचं नाही. पैसे व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यात जमा करा, पावती घ्या आणि हिशेब मासिक सभेत वाचून दाखवा. कुणा एकाच्या फोनवर स्कॅन करून पाठवलेले पैसे शाळेचे होत नाहीत.

काम सुरू झाल्यावर

सगळे कागद नीट असले तरी ठरावापासून खोलीत वर्ग भरेपर्यंत दीड-दोन वर्षं धरा. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हा क्रम आहे. मध्ये आचारसंहिता लागली तर कार्यारंभ आदेश नसलेलं काम थांबतं. तोवर समाजमंदिर, ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा दोन पाळ्यांत शाळा यांची परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून घ्या. पत्र्याची शेड शेवटचा उपाय. उन्हाळ्यात आत बसवत नाही.

कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत समितीकडे हवी. दिली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पानाला २ रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, पहिल्या अपिलाला २० रुपये. कामाच्या जागी निधी, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक हवा. पाया, कॉलम, स्लॅब या तीन दिवशी समितीतलं कुणीतरी हजर असू द्या, फोटो काढा. स्लॅबवर पाणी मारलं जातं का, ते सकाळ-संध्याकाळ जाऊन पाहा. शाळेशेजारच्या घरातली एखादी आजी हे काम कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा चोख करते.

ताबा पावतीवर सही घाईने होऊ देऊ नका. आधी छतावर पाणी साठवून गळती पाहा, दारं-खिडक्या लावून पाहा, प्रत्येक बटण दाबा. दोषदायित्वाचा कालावधी किती, ते लिहून घ्या. त्या मुदतीत भेग पडली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, शाळेच्या अनुदानातून नाही.

सुरुवात या आठवड्यात करा. आधी सातबारा काढा. पंधरा रुपये लागतात.